हरण्या कामाला लागतो तेव्हा

जुलैत झड लागली की रावेर-यावलच्या मृगबागांत केळीची पाहणी रोजचीच होते. टिश्यू कल्चरची कोवळी रोपं, पायाखाली काळी चिकण माती. ओळीतून चालणारा मजूर फक्त पोंग्याजवळचं पान बघतो. शिरांच्या दिशेने फिकट पिवळे पट्टे दिसले, की झाड कंदासकट उपटायचं आणि बागेबाहेर नेऊन गाडायचं. त्याला चार हातांवरून दिसणारा पट्टा मला पान हातात धरूनही शोधावा लागला. हा हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. मावा त्याला काकडी-भोपळ्यावरून उचलतो आणि केळीत सोंड खुपसताच सोडतो.

केळी मात्र गप्प बसत नाही. वाढताना विषाणूचा आरएनए दुपदरी होतो. पेशीतलं डायसर नावाचं विकर त्याचे २१-२२ अक्षरांचे तुकडे पाडतं आणि त्या तुकड्यांशी जुळणारा प्रत्येक आरएनए कापला जातो. तो आरएनए झाडाच्याच जनुकाचा असेल, तर जनुक जागेवर राहतं, त्याचा निरोप तेवढा पोचत नाही. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सूक्ष्म कृमीत दाखवलं, की दुपदरी आरएनए जनुकाला असं गप्प करतो. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तैवानच्या संशोधकांनी याच हरण्याला कामाला लावलं. केळीत फारशी लक्षणं न दाखवणारा त्याचा एक सौम्य प्रकार त्यांनी घेतला आणि त्यात केळीच्याच जनुकाचा तुकडा बसवला. विषाणूवर तुटून पडलेली पेशी स्वतःचाही तो निरोप कापू लागली. हरितद्रव्य घडवणारं जनुक निवडलं होतं, म्हणून पानं फिकट पडली. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. जनुकाचं काम काय, ते पानावरच उमटलं.

केळीसाठी याचं मोल मोठं आहे. ग्रँड नैन या वाणाला बी नाही आणि प्रत्येक गुणसूत्राच्या तीन प्रती आहेत. संकर करून जनुक तपासणं जवळजवळ अशक्य. तिन्ही प्रतींचा निरोप सारखा असला, तर एकच तुकडा तिघांना गप्प करतो. अर्थात पूर्ण गप्प नाही. एकाच पानात परिणाम कुठे गडद, कुठे पुसट असतो, म्हणून किती निरोप उरला ते दरवेळी मोजावंच लागतं.

जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, शिरपूरपर्यंत तापीकाठ केळीचा आहे. केळीचं कोणतं जनुक हरण्याला आत थारा देतं, हा प्रश्न इथल्या झाडांवर, इथल्या मुलांनी सोडवावा असं मला फार वाटतं.