गाण्यावरचा शिक्का आणि ऐकणाऱ्यावरचा

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या युवक महोत्सवाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. आमच्या महाविद्यालयात सांस्कृतिक विभागाचे काम माझ्याकडे आहे. ते मी मागून घेतलेले नाही, पण आता त्यात जीव अडकला आहे. आमच्या पाच मुलामुलींचा एक संच आहे. एकजण हलगी वाजवतो, एक ढोलकी, एक गिटार. एक मुलगी गाते आणि दुसरी मधूनमधून रॅप करते. बाबासाहेबांवर गातात, नोकरभरतीवर गातात, वसतिगृहाच्या जेवणावरही एक गाणे आहे. स्वतःला ते ‘बँड’ म्हणवतात. अर्जात रकाने होते : भारतीय समूहगान, पाश्चात्य समूहगान, लोकवाद्यवृंद, सुगम गायन. मुलांनी विचारले, “सर, आपण कशात?”

मी अनुभवी माणसाच्या थाटात सांगितले, “लोक लिहा.” परीक्षकांनी पहिल्या फेरीआधीच हरकत घेतली, लोकसंगीतात गिटार चालणार नाही. पाश्चात्यमध्ये जावे तर तिथे इंग्रजीत गावे लागते, असे सांगण्यात आले. शेवटी गिटारवाल्या मुलाला आम्ही खाली बसवले. ज्या गाण्यावर बक्षीस मिळाले त्याची चाल त्याचीच होती. तो प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होता. अर्जावर सही माझी होती.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. गाण्याला आणि गाणे ऐकणाऱ्या माणसांना जी नावे चिकटवली जातात ती कुठून येतात, ती कुणाला बसतात आणि कुणाला काचतात? नावेच नकोत असे म्हणणारा भाबडेपणा माझ्यात नाही. दुकानदाराला माल फळीवर लावावा लागतो, ग्रंथपालाला पुस्तक कपाटात, मास्तरला अभ्यासक्रम घटकांत. पण फळी कशी लावली जाते याचा एक इतिहास आहे, आणि तो अमेरिकेत जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

१९२० च्या ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कमध्ये मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेने ओके या कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकडी तुफान खपली. काळी माणसे पैसे मोजून आपल्या माणसाचा आवाज विकत घेतात, हा शोध कंपन्यांना तेव्हा लागला. लगेच त्यांनी काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी मालिका काढली आणि तिला नाव पडले ‘रेस रेकॉर्ड्स’. १९२३ मध्ये त्याच ओके कंपनीने अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवादकाच्या तबकड्या काढल्या, त्याही खपल्या. मग दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांसाठी दुसरी मालिका निघाली. त्या संगीताला पुढे ‘हिलबिली’ म्हणू लागले. हिलबिली म्हणजे डोंगरातला अडाणी. कोलंबिया कंपनीने तर आकड्यांतच वस्ती पाडली. काळ्यांच्या तबकड्यांचे क्रमांक १४००० पासून, गोऱ्या खेडुतांच्या १५००० पासून. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ज्याला लहानपणी कुणी शिकवावे लागले नाही, त्याला ही यादी समजावून सांगायची गरज नाही.

आता खरी गोष्ट अशी होती की वाजवणाऱ्यांचे संगीत असे विभागलेले नव्हते. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी अमेरिकेत घडवले. फिडल काळेही वाजवत, गोरेही. मिसिसिपी शीक्स हा काळ्या वादकांचा संच गोऱ्यांच्या नाचांनाही वाजवायला जाई. समोर जे लोक असतील त्यांना हवे ते वाजवणे हा त्यांचा धंदा होता. पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र काळ्या वादकाकडून ब्लूज हवे असे आणि गोऱ्याकडून जुनी डोंगरी गाणी. काळ्याने डोंगरी चाल वाजवली तर ती कोणत्या फळीवर ठेवायची? म्हणून ती पुष्कळदा मुद्रितच झाली नाही. पुढच्या पिढीतल्या संशोधकाने तबकड्या पाहिल्या आणि निष्कर्ष काढला की काळी माणसे फक्त ब्लूज गात. आधी फळी, मग तिच्यावर बसेल तेवढाच पुरावा, आणि मग त्या पुराव्यावरून स्वभावाचा सिद्धान्त. आपल्याकडे ‘यांच्या रक्तातच ढोलकी आहे’ असे कौतुकाने म्हणतात, ते याच कारखान्यातून बाहेर पडलेले वाक्य आहे.

१९३० साली हॉलिवुडमध्ये हिलबिली संगीताचा मोठा गोरा गायक जिमी रॉजर्स याने ‘ब्लू योडेल नंबर ९’ मुद्रित केले. त्यात ट्रम्पेट वाजवली आहे लुई आर्मस्ट्राँगने आणि पियानो लिल हार्डिन आर्मस्ट्राँगने. तबकडीवरच्या कागदावर या दोघांची नावे नव्हती. मला त्या तबकडीशी आमच्या गिटारवाल्या मुलाचे नाते वाटते. फरक इतकाच की त्यांचे वाजवणे तरी तबकडीत राहिले.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. ‘रेस’ हा शब्द कंपनीने आकाशातून आणला नव्हता. त्या काळात काळ्यांची वृत्तपत्रे स्वतःच्या समाजाला अभिमानाने ‘द रेस’ म्हणत. समाजासाठी झटणाऱ्याला ‘रेस मॅन’ म्हणणे हा गौरव होता. म्हणजे माणसांच्या तोंडात जो शब्द ताठ मानेने उभा होता तोच कंपनीच्या यादीत कुंपण झाला. आपल्या ‘लोक’ या शब्दाचे असेच आहे. अण्णाभाऊ साठे लोकशाहीर, वामनदादा कर्डक लोककवी. ही पदवी लोकांनी प्रेमाने दिली आणि ती काढून घ्यावी असे मला मुळीच वाटत नाही. पण हाच शब्द अभ्यासमंडळाच्या बैठकीत येतो तेव्हा काय होते ते मी पाहिले आहे. लोककवी म्हटले की तो कवितेच्या पेपरातून उठून लोकसाहित्याच्या पेपरात जातो, ओव्या आणि उखाण्यांच्या शेजारी, जणू त्याची गाणी कुणी रचलेलीच नाहीत, पावसाळ्यात उगवली. मध्यमवर्गीय कवी नुसता कवी असतो. त्याच्या आधी काही लावावे लागत नाही.

अमेरिकेतल्या शिक्क्यांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ‘बिलबोर्ड’ हे संगीत व्यवसायाचे नियतकालिक. त्याने १९४२ मध्ये काळ्यांच्या गाण्यांची खपाची यादी सुरू केली, तिचे नाव ‘हार्लेम हिट परेड’. १९४५ मध्ये नाव झाले ‘रेस’, १९४९ मध्ये ‘रिदम अँड ब्लूज’, १९६९ मध्ये ‘सोल’, १९८२ मध्ये सरळ ‘ब्लॅक’, १९९० मध्ये पुन्हा ‘आर अँड बी’. पाटी सहा वेळा लिहिली, दार तेच राहिले. मध्येच १९६३ च्या नोव्हेंबरपासून १९६५ च्या जानेवारीपर्यंत ही यादी बंदच होती. काळ्या गायकांची गाणी सर्वसाधारण यादीतही झळकू लागल्याने वेगळी यादी अनावश्यक वाटली, असे त्याचे कारण मानले जाते. मग ती पुन्हा सुरू झाली. वेगळी फळी हा अपमान असतो हे खरे. पण फळी काढून टाकली की लहान गायकाचे नाव छापायला जागाच उरत नाही, हेही खरे. राखीव जागांच्या वादात हे दोन्ही युक्तिवाद आपण ऐकलेले आहेत, एक समोरच्यांच्या तोंडून आणि एक आपल्या.

उलट बाजूची फळी तर अजून कडक. चार्ली प्राइड हा काळा गायक कंट्री संगीतात आला तेव्हा १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांना छायाचित्राशिवाय पाठवल्या गेल्या. आवाज कंट्रीचा, चेहरा मात्र लपवलेला. आणि २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या काळ्या तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढून टाकले. त्यात आजच्या कंट्री संगीताचे घटक पुरेसे नाहीत, असे सांगितले गेले. तेच गाणे नंतर सर्वसाधारण यादीत एकोणीस आठवडे पहिले होते. घटक कोण मोजतो, कोणत्या तराजूने, हे मला आमच्या परीक्षकांनाही विचारायचे होते. विचारले नाही.

हे गाणाऱ्यांचे झाले. ऐकणाऱ्यांवर जो शिक्का बसतो त्याची तऱ्हा वेगळी आहे, कारण तो पुष्कळदा त्यांनी स्वतःच मारून घेतलेला असतो. इंग्लंडातले ‘स्किनहेड’ घ्या. बारीक कापलेले केस, जाड बूट, पँटला पट्टे. १९६९ च्या सुमारास लंडनच्या कामगार वस्त्यांतून हे तरुण पुढे आले. त्यांचे आवडते संगीत कोणते? जमैकातून आलेल्या काळ्या शेजाऱ्यांचे स्का आणि रेगे. पेहरावातही जमैकन ‘रूड बॉय’ पोरांची नक्कल होती. आणि हीच पोरे पाकिस्तानी, भारतीय दिसेल त्या माणसाला रस्त्यात गाठून मारत. काळ्याच्या गाण्यावर नाचायचे आणि सावळ्याचे डोके फोडायचे, हे एकाच शनिवारी होत असे. गाणे ऐकले की माणूस सुधारतो असे मानणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीतावर नाचलेला माणूस घरी जाऊन बायकोवर हात उचलतो, तेव्हा गाणे खोटे ठरत नाही. पण गाण्यावर टाकलेला भार जास्त होता हे कळते.

पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस नॅशनल फ्रंटसारख्या वंशवादी संघटनांनी या पोरांत भरती केली. ३ जुलै १९८१ रोजी लंडनमधल्या साउथॉल या पंजाबी वस्तीत एका दारूगुत्त्यात स्किनहेड श्रोत्यांच्या बँडांचा कार्यक्रम ठरला. बाहेरून आलेल्या श्रोत्यांनी वस्तीत दंगा केला आणि स्थानिक आशियाई तरुणांनी तो गुत्ता जाळला. बँडवाल्यांचे म्हणणे होते, आम्ही वंशवादी नाही. असतीलही तसे. पण श्रोत्यांवरचा शिक्का बँडवर उमटतो, बँडने मागितला नसला तरी. गंमत म्हणजे त्याच काळात कॉव्हेंट्रीत ‘टू टोन’ या कंपनीभोवती काळ्या-गोऱ्या वादकांचे मिश्र संच उभे राहिले होते, आणि त्यांच्यासमोर नाचणाऱ्यांतही स्किनहेड होते. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वंशद्वेषाविरुद्धच्या स्किनहेडांनी आपली वेगळी संघटना काढली. तेच बूट, तेच केस. नुसते ‘स्किनहेड’ म्हणून तुम्ही काहीच सांगितलेले नसते.

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या पोरांचा अभ्यास केला. स्टुअर्ट हॉल हे तिथले मोठे नाव. डिक हेब्डिज यांचे पुस्तक १९७९ चे. त्यांनी वापरलेल्या संज्ञेला आपण मराठीत ‘उपसंस्कृती’ म्हणतो. या ‘उप’वर माझा राग आहे. उपजात, उपशाखा, उपअभियंता. मराठीत उप लागला की वरती कोणीतरी साहेब असतोच. तरीही त्या अभ्यासकांचे ऋण मानले पाहिजे, कारण कामगारांच्या पोरांच्या केसांना आणि बुटांना अर्थ असतो हे त्यांनी गांभीर्याने मांडले. त्यांच्यातल्याच अँजेला मॅक्रॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७० च्या दशकात विचारले : या सगळ्यात मुली कुठे आहेत? पोरगे रस्त्यावर दिसतात म्हणून त्यांची उपसंस्कृती झाली. मुली घरात, खोलीत गाणी ऐकतात, त्यांची नोंद कोण घेणार?

हे वाचताना मला माझी आई आठवली. ती खुरपताना भीमगीते म्हणते. कोणत्या गायकाचे कोणते कडवे कुठे बदलले ते तिला पाठ आहे. तिला कोणी चाहती म्हणत नाही, रसिक तर नाहीच. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचणाऱ्या बायकांचे तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रभरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या म्हणून त्या कागदावर तरी आल्या.

शेवटी एका बँडचे उदाहरण, ज्याची आमच्या मुलांना फार गोडी लागली आहे. आपल्या पँथरने १९७२ मध्ये ज्यांचे नाव घेतले त्या ब्लॅक पँथर पक्षाचा स्वतःचा एक बँड होता, ‘द लम्पेन’. १९७० मध्ये पक्षाच्या साध्या कार्यकर्त्यांनी तो काढला. लोकांच्या ओठांवरच्या सोल गाण्यांच्या चाली घ्यायच्या आणि शब्द आपले घालायचे, ही त्यांची रीत. अमेरिकन वाचकाला हे नवल वाटेल. आपल्याला वाटू नये. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेऊन आतला ऐवज बदलला आणि पुढच्यांनी सिनेमाच्या चालींवर बाबासाहेब गायले. मग लम्पेनला सोल म्हणायचे की प्रचार? जलसा म्हणजे लोकनाट्य की सभा? करणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता. १९५८ च्या मुंबईच्या संमेलनात आपण ‘दलित साहित्य’ हे नाव स्वतः घेतले. त्यावर बौद्ध, आंबेडकरी, फुले-आंबेडकरी असे वाद आजही होतात. मला ते वाद कंटाळवाणे वाटत नाहीत. नाव आपल्या हातात असले तरच त्यावर भांडता येते. चेन्नईत २०१८ पासून गाणाऱ्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने गाना, रॅप आणि रॉक एकत्र केले आणि नावातच जात नाकारली.

यंदाचा अर्ज परवा आला. मुलांचे म्हणणे, विद्यापीठाला पत्र लिहून ‘जलसा’ असा नवा प्रकार मागावा. मी म्हणालो, प्रकार झाला की नियम येतील : माणसे किती, मिनिटे किती, वाद्ये कोणती. उद्या तुमच्यानंतरच्या एखाद्या पोराला व्हायोलिन घेऊन खाली बसवतील. रॅप करणारी मुलगी म्हणाली, “तेव्हाचे तेव्हा बघू, सर. आधी आत तर जाऊ द्या.” गिटारवाला काही बोलला नाही. पत्राचा मसुदा मी केला आहे. वाद्यांच्या रकान्यात काय लिहायचे यावर आमचे अजून एकमत नाही, आणि मुदत शनिवारची आहे.