सुवा सरोवराची पावणेसहाशे वर्षांची वही

जपानच्या नागानो प्रांतात, समुद्रसपाटीपासून 759 मीटर उंचीवर, सुवा नावाचे एक सरोवर आहे. क्षेत्रफळ जेमतेम 13 चौरस किलोमीटर. काठाकाठाने फेरी मारली तर 16 किलोमीटर होते आणि सगळ्यात खोल जागीही पाणी सात मीटरच्या आसपासच भरते. काठावर शहर आहे, गरम पाण्याचे झरे आहेत, आणि तेनर्‍यू नदी इथूनच निघून पॅसिफिककडे जाते. पाहायला आलेल्याचे एका दुपारीत पाहून होईल. तरीही हवामानाचा इतिहास शोधणाऱ्यांना या सरोवराइतके मोलाचे पाणी जगात क्वचितच कुठे सापडेल, कारण ते कोणत्या हिवाळ्यात गोठले आणि कोणत्या हिवाळ्यात गोठले नाही, याची नोंद 1443 सालापासून ठेवलेली आहे. 1443 म्हणजे आपल्याकडे दख्खनवर बहमनी सुलतानांचा अंमल होता आणि शिवजन्माला अजून 187 वर्षे होती. तापमापक नावाची वस्तू जगात कुठेच नव्हती.

ही नोंद कोणा राजाच्या हुकमाने किंवा विद्वानाच्या कुतूहलापोटी सुरू झाली नाही, ती देवासाठी सुरू झाली. सरोवराच्या दक्षिणेला सुवा देवस्थानाचे वरचे मंदिर आहे, तिथे ताकेमिनाकाता हा देव राहतो. पलीकडच्या काठाला खालचे मंदिर, तिथे त्याची पत्नी यासाकातोमे. कडाक्याच्या थंडीत सरोवर गोठले की एका रात्री देव बर्फावरून चालत पत्नीच्या भेटीला जातो आणि त्याच्या पावलांखाली बर्फ फुटून या काठापासून त्या काठापर्यंत एक उंच बांध उभा राहतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. या बांधाला ‘ओमिवातारी’ म्हणतात. तो कधी गुडघ्याएवढा असतो, कधी माणसाच्या उंचीला येतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या पहिल्या आणि दुसऱ्या बांधाला वेगवेगळी नावे आहेत, त्यांना आडवा छेदणाऱ्या तिसऱ्याला आणखी वेगळे. बांध कुठून निघाला, कुठे पोचला, कसा वळला हे पाहून येत्या वर्षीचे पीकपाणी आणि जगाची बरीवाईट स्थिती सांगतात. आपल्याकडे अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी पाहायला गर्दी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत ऐकायला शेतकरी थांबतात, तोच भाव सुव्याच्या काठावरही असतो.

बांध उभा राहतो त्यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे, पण त्याला थंडी एका विशिष्ट रीतीची लागते. आधी सरोवर काठापासून काठापर्यंत गोठले पाहिजे आणि बर्फ सुमारे 10 सेंटीमीटर जाड झाला पाहिजे. मग रात्री पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरला की बर्फ आकसतो. कित्येक किलोमीटर लांबीचे ते एकसंध झाकण आकसणार कुठे? ते ताणले जाते आणि तडकते. तडा गेला की खालचे पाणी वर येते आणि त्या फटीत गोठते. म्हणजे सकाळी झाकण पुन्हा अखंड झालेले असते, पण आता त्यात जास्तीचा बर्फ भरलेला असतो. दिवसा ऊन पडले की सगळा बर्फ प्रसरण पावतो. काठ हलत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंचा रेटा त्या कमकुवत फटीवर येतो आणि तिथला बर्फ मोडून वर उचलला जातो. दुसऱ्या रात्री पुन्हा तडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा रेटा. हे होताना सरोवरातून मोठे आवाज निघतात. रात्रीच्या अंधारात तो गडगडाट ऐकून कोणीतरी चालत गेले असे वाटावे, यात नवल नाही. थोडी थंडी कमी पडली, मध्येच पाऊस झाला, वारा सुटला, तरी हे चक्र मोडते. म्हणूनच ओमिवातारी हा हिवाळ्याच्या कडकपणाचा इतका चोख पुरावा ठरतो.

नोंद ठेवण्याचे काम आज सुवा शहरातल्या यात्सुरुगी मंदिराकडे आहे. जुन्या पंचांगाप्रमाणे ‘लहान थंडी’चा दिवस जानेवारीच्या पाच-सहा तारखेला येतो आणि वसंतारंभ फेब्रुवारीच्या तीन-चार तारखेला. या दोन दिवसांच्या मधला जवळजवळ महिनाभर मंदिराचे प्रमुख पुरोहित कियोशी मियासाका आणि गावकरी रोज पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, काठावर जमतात. हवेचे तापमान घेतात. पाण्यात तापमापक सोडतात. काठाशी बर्फ धरला असेल तर कुऱ्हाडीने तुकडा काढून पट्टीने जाडी मोजतात. ओमिवातारी उमटली तर विधिपूर्वक तिची पाहणी होते, तिची दिशा तपासली जाते आणि अहवाल लिहिला जातो. एके काळी तो शोगुनच्या दरबारी जाई, आता सम्राटांच्या कार्यालयाला आणि जपानच्या हवामान खात्याला जातो. एकाच कागदात देवाची वाट आणि पाण्याचे तापमान शेजारी शेजारी लिहिलेले असते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. मलाही ती वाटत नाही. श्रद्धा नसती तर पंधराव्या शतकातला कोणता शहाणा माणूस पहाटे उठून बर्फ पाहायला गेला असता आणि त्याच्या नातवाने, पणतूने ते काम का चालू ठेवले असते?

शास्त्रज्ञांना या वह्यांचे महत्त्व विसाव्या शतकात कळले. 1954 साली हवामानशास्त्रज्ञ हिदेतोशी अराकावा यांनी सुव्याच्या तारखांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हे सरोवर जगाच्या हवामानशास्त्रात पोचले. पण जुन्या तारखा आजच्या तारखांशी जुळवणे सोपे नव्हते. जपानने 1873 साली युरोपीय कालगणना स्वीकारली. त्याआधीची कालगणना आपल्यासारखीच चांद्रसौर, अधिक महिन्यांची. आपला मार्गशीर्ष जसा दर वर्षी इंग्रजी तारखांवर पुढेमागे सरकतो, तसेच तिथलेही होते, त्यामुळे प्रत्येक नोंद पंचांगात बसवून नवी तारीख काढावी लागली. वहीचे हातही बदलत गेले. 1443 ते 1681 हा एक सलग टप्पा आहे. त्यापुढचे दप्तर दुसऱ्यांनी ठेवले आणि त्या मधल्या काळातील तारखांबाबत अभ्यासक सावध आहेत. ही सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. जुने आहे म्हणून सगळेच खरे, असे कोणी धरून चाललेले नाही.

एवढे चाळून झाल्यावर जे उरले त्यावर कॅनडाच्या यॉर्क विद्यापीठातील सपना शर्मा, विस्कॉन्सिनचे जॉन मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली निबंध लिहिला. त्यातले आकडे सावकाश वाचावेत असे आहेत. नोंदीच्या पहिल्या 250 वर्षांत सरोवर गोठलेच नाही असे हिवाळे अवघे तीन. 1955 ते 2004 या पन्नास वर्षांत असे हिवाळे 12. आणि 2005 ते 2014 या दहा वर्षांत पाच. गोठण्याची तारीख सुरुवातीच्या शतकांत दर दशकाला 0.19 दिवस इतक्या मंदगतीने पुढे सरकत होती, तीच अलीकडच्या काळात दर दशकाला 4.6 दिवसांनी सरकू लागली.

त्याच निबंधात सुव्याच्या जोडीला फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवरची टोर्न नदी आहे. ओलोफ आलबोम नावाच्या व्यापाऱ्याने 1693 साली तिथला बर्फ फुटण्याची वेळ टिपायला सुरुवात केली. त्याचे कारण रोकडे होते. नदी मोकळी झाल्याशिवाय माल हलत नसे. रशियन सैन्य आले तेव्हा त्याला पळावे लागले, म्हणून 1715 ते 1721 एवढा खंड आहे. बाकी तीनशे वर्षे साखळी तुटलेली नाही. एकीकडे देव, दुसरीकडे व्यापार. दोन टोकांच्या दोन वह्या एकच गोष्ट सांगतात.

‘गोठले’ म्हणजे नक्की काय, हेही कोणीतरी ठरवावे लागते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराला लागून मेंडोटा सरोवर आहे आणि त्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या आहेत. तिथला जुना संकेत असा, की पिकनिक पॉइंट या टोकापासून मेपल ब्लफपर्यंत होडी जाऊ शकते का ते पाहायचे. गेली तर सरोवर उघडे, अडली तर बंद. आज उपग्रह सरोवराचा प्रत्येक कोपरा दाखवतात, तरी नियम बदललेला नाही. बदलला असता तर 1880 सालच्या हिवाळ्याची आजच्याशी तुलनाच करता आली नसती. 1880-81 च्या हिवाळ्यात मेंडोटा 161 दिवस बर्फाखाली होते, 2001-02 मध्ये केवळ 21 दिवस.

या साऱ्याशी मुंबईचाही एक जुना धागा जोडलेला आहे. 1833 साली बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने ‘टस्कनी’ जहाजातून 180 टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणे, आणि तरी सुमारे 100 टन बर्फ शाबूत उतरला. लवकरच मुंबईलाही माल येऊ लागला आणि त्यासाठी बर्फाचे कोठार बांधले गेले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हा बर्फ कारखान्यातला नव्हता. मॅसॅच्युसेट्समधली तळी हिवाळ्यात गोठत, घोड्यांच्या नांगराने त्यांवर चौकोन आखले जात, करवतीने लाद्या कापून लाकडाच्या भुशात रचल्या जात. 1846-47 च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावर अशीच टोळी आली, तेव्हा काठावर हेन्री डेव्हिड थोरो राहत होता. आपल्या तळ्याचे पाणी मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याचे लोक पितील, असा विचार त्याने ‘वॉल्डन’मध्ये मांडला आहे. त्या वेळी रचलेला दहा हजार टनांचा ढीग पुरता विरघळायला सप्टेंबर 1848 उजाडला, असेही त्याने लिहून ठेवले.

थोरोने आणखी एक गोष्ट केली. वॉल्डनचा बर्फ पूर्ण वितळण्याच्या तारखा टिपल्या: 1845 मध्ये 1 एप्रिल, 1846 मध्ये 25 मार्च, 1847 मध्ये 8 एप्रिल, 1852 मध्ये 18 एप्रिल. त्याला यातून काही सिद्ध करायचे नव्हते. दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक यांनी त्याच्या नोंदींवरून बदललेला वसंत ऋतू मोजला. ज्या हिवाळ्यांनी मुंबईकरांच्या पेल्यात बर्फ घातला, त्यांचे मोजमाप या चार ओळींच्या तारखांत उरले आहे.

जगभरच्या अशा 39 नद्या-सरोवरांच्या नोंदी एकत्र करून 2000 साली निघालेला निष्कर्ष असा, की 1846 ते 1995 या दीडशे वर्षांत गोठण्याची तारीख शतकाला सरासरी 5.8 दिवसांनी पुढे गेली आणि बर्फ फुटण्याची 6.5 दिवसांनी अलीकडे आली. 2019 च्या अभ्यासानुसार सुमारे 14,800 सरोवरांवर बर्फ आता एखाद्या वर्षी धरतो, एखाद्या वर्षी नाही. पृथ्वीचे तापमान दोन अंशांनी वाढले तर अशा सरोवरांची संख्या 35,300 होईल. बर्फाचे झाकण नसले की पाण्याची वाफ हिवाळाभर होत राहते, ऊन परतवले न जाता पाण्यात मुरते, उन्हाळ्यात पाणी लवकर तापते आणि शेवाळ माजायला वाव मिळतो. बर्फ कच्चा असला की त्यावर चालणारी माणसे बुडतात. आणि काही रीती थांबतात. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधले कॉन्स्टन्स सरोवर पूर्ण गोठले की संत जॉनची मूर्ती मिरवणुकीने बर्फावरून पलीकडच्या गावी नेण्याची प्रथा आहे. 12 फेब्रुवारी 1963 रोजी ती हाग्नाऊहून म्युन्स्टरलिंगेनला गेली. तेव्हापासून ती तिथेच आहे.

सुव्यात 2018 साली पाच वर्षांच्या खंडानंतर ओमिवातारी उमटली. त्यानंतर 2025 पर्यंतच्या सात हिवाळ्यांत ती नाही. मध्ये काही वर्षी बर्फ धरला, पण बांध उभा राहण्याइतका टिकला नाही. अशा वर्षी पुरोहित ‘खुले पाणी’ असे जाहीर करतात आणि तसेच वहीत लिहितात. माझ्या मते या सगळ्या दप्तराचे मोल या कोरड्या नोंदीत आहे. नवल घडले की कोणीही लिहून ठेवतो. काहीच घडले नाही, तरी महिनाभर पहाटे जाऊन ‘घडले नाही’ असे लिहिणारा माणूस विरळा. ते तीन, बारा आणि पाच हे आकडे त्या लिहिणाऱ्यांमुळेच काढता आले. पंधराव्या शतकातल्या कोणी न गोठलेले वर्ष नुसतेच वगळले असते, तर ते वर्ष न गोठलेले की न पाहिलेले, हे आज सांगता आले नसते.

आपल्याकडे सरोवरे गोठत नाहीत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, त्याची बातमी आणि छायाचित्र छापून येते. पण ज्या पहाटे ते गोठले नाहीत, त्या पहाटेची बातमी होत नाही. सलग नोंदीची किंमत आपल्या मातीला कळत नव्हती असेही नाही. कुलाब्याची वेधशाळा 1826 सालची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली चुंबकीय वेधयंत्रे अलिबागला हलवावी लागली, तेव्हा 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केले गेले, केवळ जुना धागा नव्याला नीट जोडता यावा म्हणून. खेडोपाडी, घराघरांतही असे धागे आहेत. विहिरीला पाणी कधी लागले, मृगाचा पाऊस कोणत्या तिथीला झाला, आंब्याला मोहर कधी आला, नदी कोणत्या पायरीपर्यंत चढली, हे आजोबांनी जमाखर्चाच्या वहीच्या कडेला लिहिलेले असते. दिवाळीच्या साफसफाईत अशी वही हाती लागली तर ती रद्दीत घालू नका. तिच्या पानांची छायाचित्रे काढा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा. आणि तिच्यात कोरी पाने उरली असतील, तर या वर्षीची नोंद तुम्ही लिहा.