पायाखालचा बर्फ

मंडळी, मुळशीत बसून पेंग्विनबद्दल बोलायचं, हे जरा विचित्र वाटेल. पण अंटार्क्टिकाला गेलेली पहिली भारतीय मोहीम १९८१ साली गोव्याहूनच निघाली होती, आणि आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र आजही वास्कोला आहे. तेव्हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

तापमान वाढलं की ध्रुवावरच्या प्राण्यांचं नेमकं काय बिघडतं? आपण चटकन म्हणतो, त्यांना उकडत असेल. पण मुख्य गोष्ट ती नाही. समुद्रावर गोठलेला बर्फ हीच त्यांतल्या अनेकांची जमीन आहे, आणि ती जमीनच वितळते आहे.

सम्राट पेंग्विन घ्या. अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात, मे-जूनमध्ये, हा पक्षी गोठलेल्या समुद्रावर अंडं घालतो. नर ते पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीखाली झाकून, सुमारे दोन महिने उपाशी उभा असतो. पिल्लांना पाण्यात टिकतील अशी पिसं यायला डिसेंबर उजाडतो. तोवर बर्फ टिकला पाहिजे. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो त्याआधीच फुटला. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, की तिथल्या पाच वसाहतींपैकी चारमध्ये बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. मोठे पक्षी पोहून दुसरी जागा शोधतात. पण दरवर्षी असंच होऊ लागलं तर?

उत्तरेला पांढऱ्या अस्वलाची गत निराळी नाही. ते सीलची शिकार करतं ती मुख्यतः बर्फावरून. कॅनडाच्या हडसन उपसागराच्या पश्चिम भागात १९८७ मध्ये सुमारे १,२०० अस्वलं होती; २०२१च्या पाहणीत ती सुमारे ६०० भरली. या घटीचं सगळं खापर एकाच कारणावर फोडता येणार नाही. पण बर्फ नसताना किनाऱ्यावर उपाशी काढायचे दिवस वाढलेत, हे नक्की.

यात एक दुष्टचक्रही आहे. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळं पाणी ते शोषून घेतं. बर्फ कमी झाला की पाणी आणखी तापतं, मग बर्फ आणखी कमी होतो. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, त्यामागे हेही एक कारण आहे.

सगळेच हरतात असंही नाही. अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पावर अॅडेली पेंग्विन घटले, तर कमी बर्फात निभावणारे जेंटू वाढले. मग कोणी म्हणेल, निसर्ग बदलतोच, त्यात आपण कशाला पडायचं?

इथे आपण आपल्या मुळशीकडे पाहू. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण होणार होतं, भातशेती पाण्याखाली जाणार होती, आणि त्या पाण्याची वीज मुंबईला जाणार होती. उजेड एकाच्या घरी, बुडणारी जमीन दुसऱ्याची. ते धरण झालंच. पण 'हे अन्याय्य आहे' असं म्हणणारी माणसं इथे होती, म्हणून आज शंभर वर्षांनीही आपल्याला तो प्रश्न ठाऊक आहे.

धूर आपला आणि जमीन त्यांची, हा हिशेब ध्रुवावरही तोच आहे. फरक एवढाच, की तिथे सत्याग्रहाला बसणारं कोणी नाही. जो बोलू शकत नाही, त्याच्या बाबतीत आपलं कर्तव्य कमी होतं की वाढतं? पुढच्या व्याख्यानाला येताना यावर थोडा विचार करून या.