शेटे : एका वतनाचे आडनाव

शनिशिंगणापूरची कीर्ती दोन गोष्टींमुळे दूरवर पोचली आहे : छपरावाचून उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली शनैश्चराची शिळा, आणि घराच्या चौकटीला कवाड न लावण्याची गावाची रीत. परंतु नेवासे तालुक्यातील या गावी बानकर, दरंदले, शेटे ही आडनावे ज्याच्या कानांवर वारंवार पडतात, त्याला आणखी एका विषयाचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. त्यांतील शेटे या आडनावामागे जुन्या मराठी मुलखाच्या बाजारपेठेचा अवघा कारभार उभा आहे. २०१६ च्या जानेवारीत देवस्थानच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद प्रथमच एका स्त्रीकडे, अनिता शेटे यांच्याकडे, आले, तेव्हा हे आडनाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले.

संस्कृतातील श्रेष्ठी प्राकृतात सेट्ठि झाला, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत हा सेठि सातवाहनांच्या काळापासून भेटतो. पुढे तोच गुजरातेत शेठ, कर्नाटकात शेट्टी, कोकणात शेट्ये आणि देशावर शेटे झाला. मात्र देशावरचा शेटे म्हणजे केवळ धनिक व्यापारी नव्हे. तो पेठेचा वतनदार. मौज्याचा जसा पाटील, तसा पेठेचा शेटे. नवी पेठ वसवायची झाली की सरकारातून कौल मिळे, काही वर्षांची जकात माफ होई, आणि उदमी, बकाल, कासार, साळी यांना दिलासा देऊन आणणे, दुकानांच्या जागा नेमून देणे, वजनमापांवर नजर ठेवणे, ही जबाबदारी शेटे आणि महाजन यांच्यावर पडे. मोबदल्यात हक्क, लाजिमा आणि मानपान वंशपरंपरा चाले.

या अधिकाराची सर्वांत बोलकी खूण महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, दिसते. गोतसभेचा निवाडा झाला की वतनदार आपापली निशाणी करीत : पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, आणि शेट्याची तागडी. शाईने काढलेल्या दोन पारड्यांच्या त्या लहानशा चित्रात माणसाचे नाव, हुद्दा आणि व्यवसाय एकवटलेला असे. कागदात नावापुढे 'बिन' घालून बापाचे नाव, त्यापुढे 'शेटे', आणि शेवटी पेठेचे नाव, असा क्रम असे. पेठेचे नाव गळाले, हुद्दा तेवढा उरला, आणि तोच पुढे कुळाचे आडनाव झाला.

हेच ध्यानी न घेतल्यामुळे अनेक घराण्यांत मूळ पुरुषाचा शोध व्यर्थ भरकटतो. शेटे आडनाव मराठ्यांत आहे, लिंगायतांत आहे, सोनारांत आहे. या सर्वांचा पूर्वज एक असणे संभवनीय नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. जेथे जेथे पेठ होती तेथे तेथे शेटेपण होते, आणि ज्या ज्ञातीच्या हाती ते आले तिच्यात हे आडनाव रुजले. कुळकर्णी, देशमुख, चौगुले यांचीही हीच कथा. शिंगणापूर हे मौजे, म्हणजे पेठ नसलेले गाव, असल्याने तेथील शेटे कोण्या पेठेतून शेतीकडे वळून आले असावेत, असे माझे अनुमान आहे. १६३० ते ३२ च्या दुष्काळाने दख्खनची गावेच्या गावे ओस पडली, आणि अशा प्रत्येक संकटानंतर नवा कौल घेऊन कुळे परक्या शिवारात जमिनी कसू लागली. वतन मागे राहिले, नाव संगती आले.

इंग्रजी अमदानीत १८७४ च्या वतन कायद्याने या हक्कांना नियमांत बांधले, आणि स्वातंत्र्यानंतर परगणा व कुळकर्णी वतने १९५१ साली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. हक्क गेले ते योग्यच झाले. जन्माने मिळणाऱ्या अधिकाराला लोकशाहीत स्थान नाही. परंतु हक्कांबरोबर कागदही टाकून देण्याची घाई झाली, ती मात्र क्षम्य नव्हे.

ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर वा पेटीत मोडी कागदांचे रुमाल पडून असतील, त्यांनी ते वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या हाती जाऊ देऊ नयेत. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ येथे मोडीचे जाणकार भेटतात. कागद त्यांना दाखवावा, आणि आपल्या आडनावाच्या पुढे कोणत्या पेठेचे वा गावाचे नाव लिहिले आहे ते प्रथम वाचून घ्यावे.