मंगळुरी कौलांच्या मुळाशी

कोकणातल्या एखाद्या जुन्या घराची कौले दुरुस्तीसाठी खाली उतरवलेली असता त्यांपैकी एखादे उलटे करून पाहिले, तर त्याच्या पाठीवर बासेल मिशनचे नाव इंग्रजी अक्षरांत आणि त्याखाली १८६५ हा सन उठवलेला पुष्कळदा आढळतो. घरमालकाला त्या अक्षरांचे प्रयोजन सहसा ठाऊक नसते. कौल मंगळुरी आहे, अर्थात टिकाऊ आहे, एवढी खातरी त्याला पुरते. परंतु स्वित्झर्लंडमधल्या एका धर्मप्रसारक संस्थेने माती मळण्याच्या आणि भट्ट्या पेटवण्याच्या व्यवहारात का पडावे, याचा शोध घेऊ लागले म्हणजे, धर्मादायाच्या पैशाने एखाद्या निराधार समाजाला स्वतःच्या पायांवर उभे करणे कितपत साधते, याचा एक उद्बोधक आणि बराचसा अडचणींनी भरलेला इतिहास समोर येतो.

ही संस्था १८१५ मध्ये बासेल शहरी स्थापन झाली. तिचे मिशनरी बहुतांशी दक्षिण जर्मनीतील वुर्टेंबर्ग प्रांताचे, शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांत वाढलेले, कर्मठ भक्तिमार्गी लोक होते. कंपनी सरकारच्या १८३३ च्या सनदेने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना हिंदुस्थानचे दार उघडल्यावर पुढल्याच वर्षी हेबिख, लेहनर आणि ग्राइनर हे तिघे मंगळुरास पोहोचले. आणि थोड्याच वर्षांत दक्षिण कानडा, मलबार, तसेच तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणारे धारवाड, हुबळी व बेटगेरी येथवर मिशनचे काम पसरले.

बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या आत्म्याची काळजी मिशनरी वाहत होते, पण बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलीचा प्रश्न उभा राही. जातीबाहेर पडलेल्या माणसाला विहीर बंद, सावकाराची पत बंद, आणि तो कुळ असला तर जमिनीवरून बेदखल होण्याची धास्ती. तुळू मुलखातील बिल्लव आणि मलबारातील तिय्या या माडी काढणाऱ्या जातींतून पुष्कळसे लोक मंडळीत आले होते. त्यांचा पिढीजात धंदाच मद्याशी निगडित असल्यामुळे तो मिशनऱ्यांच्या नैतिक कल्पनांना मानवणारा नव्हता, आणि अशा रीतीने एक उपजीविका जातीने हिरावली नाही तर ती धर्माने सोडायला लावली. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडत नाही असे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ठरवले खरे. परंतु अळियसंतान पद्धतीच्या मातृवंशीय कुटुंबात मिळकत अविभाज्य असल्यामुळे आपला हिस्सा वेगळा मागण्याची सोयच नव्हती. कायद्याच्या पुस्तकातला हक्क आणि पंक्तीतले पान यांमधील अंतर आपल्याकडील वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आरंभीचा उपाय सर्वांना सुचणारा तोच होता: गरजूला धान्य द्यावे, चार दिवस आसरा द्यावा, जमीन खरेदी करून तीवर नवख्रिस्ती कुटुंबांची वसाहत करावी. यातून असे झाले की उपदेशक हाच जमीनदार बनला, आणि रविवारी दयेचे प्रवचन ऐकणाऱ्या माणसाकडून सोमवारी खंडाची बाकी मागण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती असे नाना उद्योगही आजमावून झाले. मंगळुरास १८४१ मध्ये निघालेल्या छापखान्याने काही हातांना काम दिले. पण खिळे जुळवण्यास आधी अक्षरओळख हवी, आणि ती असलेले लोक थोडे.

विणकामाने खरी वाट सापडली. योहान हालर हा विणकर १८५१ मध्ये मंगळुरास आला, युरोपीय पद्धतीचे माग त्याने बसवले, रंगशाळा घातली, आणि तेथे तयार होणाऱ्या खाकी कापडास पुढे पोलिसांत व लष्करात मागणी आली. मागांची भूक देणग्यांच्या पेटीने भागणारी नसल्यामुळे १८५९ मध्ये बासेल येथे मिशनची स्वतंत्र व्यापारी कंपनी उभी राहिली. तिचे भाग श्रद्धाळू आणि सधन मंडळींनी घेतले; त्यांनी मर्यादित लाभांशावर समाधान मानायचे आणि वरचा नफा मिशनकार्याकडे जायचा, असा संकेत होता. दान आणि भांडवल यांचा हा संकर मला त्या काळाच्या मानाने धाडसाचा वाटतो. आणि ईश्वराच्या सेवकांनी तागडी हाती धरावी की नाही, यावर खुद्द मिशनच्या वर्तुळातच दीर्घकाळ वाद चालावा, हेही तितकेच समजण्यासारखे आहे.

कौलांचा कारखाना गेओर्ग प्लेब्स्ट याने १८६५ मध्ये नेत्रावतीच्या काठी जेप्पू येथे काढला. नदीकाठची चिकण माती, घाटाखालच्या रानांतले सरपण आणि बंदराची जवळीक, तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. नदीतून पडावाने आलेली माती मळायची, दाबयंत्रात साच्याने तिला आकार द्यायचा, सावलीत वाळवून मग भट्टीत भाजायची, असा क्रम असे. कौलाचा घाट फ्रेंच धर्तीचा, म्हणजे एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत अडकणारा होता. गावठी नळीची कौले दरसाल पावसाळ्यापूर्वी काढून पुन्हा बसवावी लागत, माकडांच्या एका फेरीने ती विस्कटत, आणि त्यांचा भार पेलण्यास वासेही भक्कम लागत. तेव्हा हा हलका, सपाट आणि एकमेकांत गुंतणारा माल किनाऱ्यावरच्या गृहस्थास का आवडला, याचे नवल नाही. सरकारी बांधकामखात्याने तो पसंत केला, जहाजांतून तो मुंबईस आणि समुद्रापलीकडेही जाऊ लागला, आणि मंगळुरातील कुद्रोळी, मलबारातील कालिकत, कोडक्कल व फेरोक अशा ठिकाणी नवे कारखाने निघाले.

या कारखान्यांत निरनिराळ्या जातींतून आलेले स्त्रीपुरुष एका छपराखाली राबत. रोख मजुरी, ठरलेल्या वेळी वाजणारी घंटा आणि आरंभीची प्रार्थना यांनी त्यांच्या जीवनाला एक नवीनच शिस्त लावली. पण याच ठिकाणी व्यवस्थेची कमकुवत बाजूही होती. धनी, उपाध्याय, घरमालक आणि पंच या चारही भूमिका एकाच संस्थेकडे आल्या म्हणजे मजुराने दाद मागावी कोठे? बाप्तिस्मा हा नोकरीचा परवाना आहे, असा आक्षेप बाहेरचे लोक घेत. तो सर्वस्वी खरा नव्हता, कारण अख्रिस्ती मजुरांनाही काम मिळे, पण तो घेता येण्याजोगा होता एवढे पुरेसे आहे. आपल्याकडे केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना शेती, विणकाम आणि छापखान्याचे काम शिकवले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात होता. मात्र तेथे उद्योगाची सूत्रे दूरदेशीच्या भागधारकांच्या हाती नव्हती.

मिशनच्या मक्तेदारीला तडा पहिल्यांदा बाजारानेच दिला. १८६८ मध्येच मंगळुरातील आल्बुकर्क या देशी ख्रिस्ती घराण्याने कौलांचा आपला कारखाना काढला, आणि पुढे हिंदू व रोमन कॅथलिक मालकांचे इतर कारखाने त्यात भर घालीत गेले. दुसरा तडा राजकारणाने दिला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटताच मिशनमधील जर्मन माणसे शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरली. त्यांतल्या कित्येकांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत नजरकैदेत दिवस काढावे लागले, उरलेल्यांची मायदेशी रवानगी झाली, आणि ज्या संस्थेच्या आधाराने हजारो माणसांचा संसार चालला होता तिची चल-अचल मिळकत सरकारी ताब्यात गेली. पाऊण शतक परक्या पालकत्वाखाली वाढलेल्या मंडळ्या एकाएकी पोरक्या झाल्या. देशी पाळकांनी उपासनेचा आणि कारभाराचा भार उचलला. कारखाने मात्र त्यांच्या हाती आले नाहीत. ते लंडनमध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले, आणि ज्यांच्या नावाने हा सारा उद्योग उभारला गेला होता त्यांना त्याच्या मालकीत वाटा देण्याचा विचार, धर्मादायाच्या आणि व्यापाराच्या त्या लांबलचक हिशेबात, शेवटपर्यंत बाजूलाच राहिला. कालिकत आणि फेरोक येथे भट्ट्या पेटतच राहिल्या, कौलांना गिऱ्हाईकही मिळत राहिले. फरक पडला तो इतकाच की ख्रिस्ती कामगाराचा संबंध रविवारी मंडळीशी आणि उरलेले सहा दिवस कंपनीशी, असा आता वेगवेगळा झाला.