आवाज कमी, गाणं फुल्ल!

नवा अ‍ॅम्प्लिफायर हॉलमध्ये येतो, सगळे ‘वॉव’ म्हणतात आणि पुढची कित्येक वर्षं त्यावरचा एकच नॉब फिरतो. व्हॉल्यूमचा! बाकीची बटणं बिचारी शोभेला. मित्रमंडळींकडे हे इतक्यांदा पाहिलंय की हल्ली कुणाकडे जेवायला गेले की मी आधी अ‍ॅम्पपाशीच जाते.

आपल्या टू बीएचके आयुष्याचा प्रॉब्लेम असा की ऑफिसमधून येऊन, जेवून निवांत व्हायलाच दहा वाजतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल. शिवाय भिंतीपलीकडे कुणाचं तरी बाळ झोपलेलं. आवाज कमी करावा, तर गाण्यातला जीवच जातो. तबल्यातला डग्गा गायब, बास गिटार गायब.

यात दोष अ‍ॅम्पचा नाही, आपल्या कानांचा स्वभावच तसा. बेल लॅबोरेटरीजच्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आवाज कमी होत गेला की खर्जातले स्वर मधल्या स्वरांच्या आधीच ऐकू येईनासे होतात.

यावरचा इलाज म्हणजे ‘लाउडनेस’ हे बटण. नावामुळे भलेभले फसतात आणि पार्टीत ते दाबून ठेवतात. खरं तर ते हळू ऐकतानाच दाबायचं. कानाला कमी पडणारा बेस, आणि काही मॉडेल्समध्ये ट्रेबलही, ते भरून काढतं. आवाज मोठा केला की बंद करायचं. यामाहाच्या काही अ‍ॅम्पवर तर लाउडनेसचा चक्क नॉब असतो. तो आधी ‘फ्लॅट’वर ठेवायचा, व्हॉल्यूम तुमच्या सगळ्यात मोठ्या आवाजाला लावायचा आणि मग आवाज कमी करायचा तो लाउडनेसच्या नॉबनंच.

तुमच्या अ‍ॅम्पवर लाउडनेस नाहीये? मग रात्री बेसचा नॉब बाराच्या काट्यावरून एक-दोनपर्यंत न्या. पण सकाळी परत बारावर! कारण बेस १० डेसिबलनं वाढवला, तर त्या स्वरांसाठी अ‍ॅम्पला दहापट पॉवर द्यावी लागते. त्यात व्हॉल्यूमही चढवला की आवाज फाटतो आणि नाजूक ट्वीटर जळू शकतो. व्हॉल्यूम निम्म्यावर आहे म्हणजे निम्मी ताकद शिल्लक, हाही गैरसमजच. कित्येक अ‍ॅम्प त्याच्या आधीच पूर्ण ताकदीला पोचलेले असतात.

बेस-ट्रेबल फिरवूनही काहीच फरक पडत नाहीये? मेकॅनिकला फोन लावण्याआधी ‘डायरेक्ट’ बटण बघा. ते दाबलेलं असेल, तर सिग्नल टोनच्या नॉब्जना वळसा घालून जातो.

‘मोनो’ बटण असेल, तर माझी आवडती टेस्ट करा. दोन स्पीकर्सच्या मधोमध बसा, मोनो दाबा. गायिकेचा आवाज बरोबर मधून यायला हवा. एका बाजूला सरकत असेल, तर ‘बॅलन्स’नं जागेवर आणा. विखुरलेला आणि बेस पातळ वाटला, तर बहुधा एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्यात. अ‍ॅम्प बंद करून त्या बदला.

‘पण जोरात ऐकण्याची मजाच वेगळी ना?’ असं विचारणारे भेटतातच. मजा आहेच, कबूल. पण कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं घातलेली मर्यादा आहे ८५ डेसिबल, तीही दिवसाला आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. कानाच्या आतल्या ऐकणाऱ्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. अ‍ॅम्प बदलता येतो, कान नाही.

तेव्हा आज रात्री एकच करा. आवडतं गाणं लावा, शेजारच्यांना कळणार नाही इतका आवाज ठेवा आणि लाउडनेस दाबा. डग्गा परत आला की शेजारचं बाळही झोपलेलं आणि तुम्हीही खूश!