श्रवणयंत्रांची तुलना : सुखद ध्वनी आणि स्पष्ट शब्द

श्रवणयंत्र निवडावयास गेलेला मनुष्य स्वाभाविकपणे एकच प्रश्न विचारतो : या दोहोंपैकी चांगले कोणते? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. कोणत्या यंत्राचा आवाज कानाला बरा वाटतो, हा पहिला. आणि कोणत्या यंत्राने समोरच्याचे बोलणे अधिक कळते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ऐकणाऱ्याच्या पसंतीत असते, तर दुसऱ्याचे त्याच्या चुका मोजल्यावाचून मिळत नाही. ही दोन उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि ती जुळतातच असे गृहीत धरल्यामुळे महागाचे यंत्रही शेवटी खणात पडून राहते. या दोन कसोट्या वेगळ्या ठेवणे का आवश्यक आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. दुसरी कसोटी श्रोत्याच्या भाषेवाचून लावता येत नसल्याने या विषयात भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही काही कर्तव्य आहे, हेही ओघाने दिसून येईल.

१. तुलनेची पद्धत : पूर्वेतिहास

यंत्रांची पद्धतशीर तुलना करण्याची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रूढ झाली. अमेरिकेत श्रवणहानी झालेल्या सैनिकांवर उपचार करीत असताना रेमंड कारहार्ट यांनी १९४६ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. एकाच व्यक्तीच्या कानाला क्रमाने निरनिराळी यंत्रे लावून चार गोष्टी पाहावयाच्या : आवाज किती वाढतो, किती मोठा आवाज सहन होतो, गोंगाटात बोलणे कितपत कळते आणि शब्दांतील भेद किती ओळखू येतात. या चौकटीत सुखावहता व सुगमता या दोहोंनाही जागा होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९६० साली शोर, बिल्गर आणि हर्श यांनी हीच मापने पुनःपुन्हा घेऊन पाहिली, तेव्हा यंत्रायंत्रांतील लहान फरक ठरविण्याइतकी ती भरवशाची नाहीत असे त्यांस आढळले. याचे कारण अंकगणितात आहे. २५ शब्दांच्या यादीपैकी १५ शब्द एखाद्याने बरोबर ओळखले असे समजू. त्याच क्षमतेच्या मनुष्याने तशीच दुसरी यादी ऐकली, तर केवळ योगायोगाने त्याचे गुण दोन-तीन शब्दांनी सहज वरखाली होतील. दोन यंत्रांच्या गुणांत सुमारे ७ शब्दांचा फरक पडल्याशिवाय तो खरा मानणे धाडसाचे ठरते. एका यंत्राने १५ आणि दुसऱ्याने १८ शब्द कळले म्हणून दुसरे श्रेष्ठ, हा निष्कर्ष यास्तव टिकत नाही. यादी जितकी लांब, तितका निर्णय पक्का. आणि यादी लांबवावी तर ऐकणारा थकतो, अशी ही अडचण आहे.

तुलनेवरील या शंकेमुळे दुसरा मार्ग पुढे आला, तो सूत्राचा. श्रवणहानीच्या सुमारे निम्म्याने आवाज वाढवावा, असा ढोबळ नियम सॅम्युएल लायबर्गर यांनी १९४४ च्या सुमारास मांडलाच होता. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय ध्वनिशास्त्रीय प्रयोगशाळेने आणि कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठाने अधिक सूक्ष्म सूत्रे तयार केली. आज यंत्र प्रथम अशा सूत्राप्रमाणे लावतात आणि कानाच्या नळीत बारीक नळीचा मायक्रोफोन ठेवून अपेक्षित वर्धन पडद्यापाशी खरोखर पोहोचते की नाही, हे पाहतात. तथापि सूत्र सरासरी माणसासाठी असते, आणि यंत्र विशिष्ट माणसाच्या कानात बसते. म्हणून सूत्राने आरंभ होतो. तुलना आणि जुळवणी यांचे काम त्यानंतरही उरतेच.

२. सुखावहता आणि सुगमता यांचा विरोध

उतारवयात येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी दुरावतात. स्वर ऐकू येतात, कारण त्यांची बरीचशी शक्ती १००० हर्ट्झच्या खाली असते. व्यंजनांच्या, विशेषतः अघोष व्यंजनांच्या, खुणा त्याहून वर असतात. त्यामुळे असा मनुष्य म्हणतो, "ऐकू येते, पण कळत नाही." ही तक्रार शब्दशः खरी असते.

आता यंत्राने उच्च कंप्रतेचे ध्वनी परत आणून दिले की काय होते? जे ध्वनी अनेक वर्षे कानी आलेच नव्हते, ते एकाएकी समोर उभे राहतात. भांड्यांचा खणखणाट टोचतो, वर्तमानपत्राची घडी उलगडणे कर्कश वाटते, आणि बोलणाऱ्याचा 'स' सुरीसारखा भासतो. अशा वेळी शेजारी दुसरे यंत्र ठेवले व त्यात हे वर्धन कमी असले, तर पसंती त्यालाच मिळणार. त्याचा ध्वनी मऊ, ओळखीचा आणि सुखद वाटतो. परंतु तो ओळखीचा वाटतो, याचा अर्थच असा की बहिरेपणातील जग त्याने बहुतांशी तसेच ठेवले आहे.

याच्या उलट प्रकारही घडतो. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर थोड्या वेळाच्या चाचणीत तेच अधिक स्पष्ट वाटते. तासाभराने त्याचाच शीण येतो. गोंगाट कमी करणाऱ्या योजनांविषयीही हेच सांगता येईल. त्यांमुळे ऐकण्याचा त्रास बहुधा कमी होतो. पण शब्द अधिक कळतातच असे प्रयोगांत सातत्याने दिसून आलेले नाही. समोरच्या दिशेने येणारा ध्वनी निवडणारे मायक्रोफोन मात्र गोंगाटात सुगमतेस खरोखर मदत करतात, अर्थात बोलणारा समोर असेल तर.

अपेक्षेचाही परिणाम मोठा असतो. २००३ साली रूथ बेंटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात यंत्रावरील 'डिजिटल' या नावामुळेच लोकांची पसंती त्याच्याकडे झुकलेली दिसली, जरी यंत्र तेच होते. पसंती खोटी असते असा याचा अर्थ नव्हे. यंत्र दिवसभर कानात राहावयाचे असेल तर पसंतीला मान दिलाच पाहिजे. मात्र तिला शब्द कळल्याचा पुरावा समजू नये, एवढेच.

३. स्वतःचा आवाज

सुखावहतेचा एक प्रश्न भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. नवे यंत्र लावणारे अनेक जण म्हणतात की, आपलाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. बोलताना आपला आवाज हाडांमधून कानाच्या नळीच्या भिंतींपर्यंत पोहोचत असतो. एरवी तो कानाच्या तोंडातून बाहेर निसटतो. मोल्डने ते तोंड बंद केले की आतच कोंडतो. या कोंडीमुळे ५०० हर्ट्झच्या खालील ध्वनी २० डेसिबेलपर्यंतही वाढू शकतात.

ही वाढ सर्व स्वरांना सारखी नसते. 'आ' उच्चारताना मुख उघडे असते; 'ई' आणि 'ऊ' या संवृत स्वरांत मुखातील दाब अधिक असून त्यांचा पहिला स्वरपुंज खालच्या कंप्रतेवर असतो, म्हणून ते अधिक घुमतात. यावरून एक साधी परीक्षा करता येते. श्रोत्याने यंत्र कानातच ठेवून बंद करावे आणि क्रमाने आ, ई, ऊ म्हणावे. यंत्र बंद असतानाही ई-ऊ घुमत असतील, तर दोष कोंडीचा आहे. त्यास मोल्डमधील वायुछिद्र मोठे करणे, सैल रबरी टोपी वापरणे किंवा मोल्ड अधिक खोल बसविणे हे उपाय आहेत. यंत्र सुरू केल्यावरच घुमणे जाणवत असेल, तर निम्न कंप्रतेचे वर्धन कमी करावयास हवे. पहिल्या प्रकारात संगणकावर वर्धन कितीही खालीवर केले तरी फारसा उपयोग होत नाही. अर्थात छिद्र मोठे केले की वाढविलेला ध्वनी बाहेर निसटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शीळ घालू लागते. म्हणजे येथेही एका सुखाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

४. मराठी ध्वनी आणि यंत्राची परीक्षा

डेनिस बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली १२ भाषांतील बोलण्याचे दीर्घकालीन सरासरी वर्णपट ताडून पाहिले. त्यांत मराठीची भगिनीभाषा सिंहली हीही होती. हे वर्णपट परस्परांशी बरेच मिळतेजुळते निघाले. म्हणून मराठीभाषकासाठी मुळातच निराळे सूत्र हवे, असे म्हणण्यास सध्या आधार नाही. परंतु सरासरी वर्णपट सारखा असला, तरी कोणत्या ध्वनिभेदावर अर्थाचा किती भार आहे, हे प्रत्येक भाषेत वेगळे असते.

इंग्रजीत अनेकवचनाची व षष्ठीची खूण 'स'सारख्या क्षीण व उच्च कंप्रतेच्या ध्वनीवर येते. मराठीत मुलगा-मुलगे-मुली हे भेद स्वरांवर आहेत, 'त्याला' व 'त्यांना' हा भेद ल आणि न यांवर आहे. म्हणजे व्याकरणाची पुष्कळशी सामग्री तुलनेने सशक्त ध्वनींत आहे. 'गेला' आणि 'गेलास' यांसारखे अपवाद आहेत, पण ते थोडे. याउलट शब्दार्थाचा मोठा भार दन्त्य आणि मूर्धन्य यांच्या भेदावर पडतो : ताक-टाक, मन-मण, वेल-वेळ, काल-काळ. या भेदाच्या ध्वनिखुणा मुख्यत्वे स्फोटाच्या वर्णपटात आणि तिसऱ्या स्वरपुंजाच्या, म्हणजे सुमारे २००० ते ३००० हर्ट्झच्या टापूत सापडतात. उतारवयाच्या बहिरेपणात नेमका हाच टापू दुबळा होतो. 'सात' आणि 'साठ' ही जोडी पाहावी. शब्दान्तीच्या 'ठ'चे महाप्राणत्व बोलण्यात क्षीण होते, आणि मग सारा भेद एका मूर्धन्य स्पर्शावर येऊन ठेपतो. बाजारात, बँकेत वा औषधाच्या मात्रेत हा भेद हुकणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

साल-शाल यांतील ऊष्म ध्वनींचा भेद, 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि 'म्हातारपण' या अर्थाचा 'जरा' यांतील दन्ततालव्य व तालव्य उच्चारांचा भेद, पाट-फाट, दान-धान यांतील प्राणाचा भेद, हेही परीक्षेत आले पाहिजेत. डॅनिएल लिंग यांची आ, ई, ऊ, म, श, स या सहा ध्वनींची परीक्षा सर्वत्र प्रचलित आहे. ध्वनी कानी पडतो की नाही, हे पाहावयास ती उत्तम आहे. पण ध्वनी कानी पडणे वेगळे आणि त दन्त्य की मूर्धन्य हे ओळखणे वेगळे. त्यासाठी वरील प्रकारच्या जोड्याच हव्यात, आणि त्या वाक्याच्या संदर्भावरून ओळखता येणार नाहीत अशा रीतीने ऐकविल्या पाहिजेत.

५. तुलना कशी करावी

वरील विवेचनावरून तुलनेचे काही नियम निघतात. दोन्ही यंत्रे आधी मापनाने योग्य वर्धनावर आणावीत आणि त्यांचा मोठेपणा समान करावा. अन्यथा तुलना यंत्रांची न राहता केवळ मोठेपणाची होईल. किंमत व नाव श्रोत्यास शक्यतो कळू देऊ नये. शब्द तोंडाने न सांगता ध्वनिमुद्रित स्वरूपात ऐकवावेत, कारण बोलणारा नकळत जोर बदलतो, आणि ओठ दिसले की कानाची परीक्षा उरत नाही. तीच परीक्षा शांत खोलीत आणि गोंगाटात अशी दोनदा घ्यावी. यंत्रांचा क्रम उलटूनही पाहावे. "कोणते आवडले?" आणि "कोणत्याने किती कळले?" यांची उत्तरे निरनिराळ्या स्तंभांत लिहावीत.

यानंतर यंत्र काही आठवडे घरी वापरावे. पहिल्या दिवशी कर्कश वाटलेला ध्वनी सवयीने सुसह्य होतो. म्हणून पहिल्याच तक्रारीवर उच्च कंप्रता छाटून टाकण्याऐवजी ती किंचित कमी करून टप्प्याटप्प्याने वाढविणे श्रेयस्कर. मात्र कान दुखणे, मोल्ड रुतणे किंवा मोठा आवाज असह्य होणे यांना सवयीचा उपदेश लागू नाही. ते तत्काळ दुरुस्त केले पाहिजे. एका वेळी एकच जुळवणी बदलावी, म्हणजे कशाने काय झाले ते कळते.

या काळात श्रोत्याने ठेवावयाची टिपणवही फार उपयोगी पडते. "आवाज नीट नाही" एवढ्या नोंदीवरून तज्ज्ञाला काहीच करता येत नाही. 'घुमतो' म्हटले तर निम्न कंप्रतेकडे किंवा कोंडीकडे पाहावे. 'पत्र्यासारखा' म्हटले तर उच्च कंप्रता अधिक अथवा निम्न कंप्रता अपुरी आहे, असा तर्क करता येतो. 'कोंदट' म्हटले तर उच्च कंप्रता तोकडी पडत असावी. 'बोलणे बरे, पण भांडी टोचतात' म्हटले तर मोठ्या आवाजांसाठीचे वर्धन व कमाल मर्यादा तपासावी. 'साठ'चे 'सात' ऐकले, 'शाल'चे 'साल' ऐकले, अशा नोंदी तर सर्वांत मोलाच्या, कारण त्या थेट विशिष्ट टापूकडे बोट दाखवितात.

कोणतेही यंत्र अन्तःकर्णातील नष्ट झालेल्या केशपेशी परत आणू शकत नाही. जवळजवळच्या कंप्रता वेगळ्या करण्याची हरवलेली शक्तीही त्याने पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणून काही जोड्या उत्तम यंत्रानेही कळणार नाहीत, आणि तेथे समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलणे हाच उपाय राहतो. परंतु यंत्राची मर्यादा कोठे सुरू होते आणि जुळवणीतील उणीव कोठे संपते, हे सांगावयाचे तर श्रोत्याच्या भाषेतील तोलून घेतलेल्या शब्दयाद्या हाताशी असल्या पाहिजेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहेत. त्यांच्या कार्यास मराठीच्या विभागांनी स्वनांच्या वारंवारतेची गणना, बोलीभेदांची नोंद आणि न्यूनतम युग्मांचा संग्रह यांची जोड द्यावी. विदर्भातील वा कोकणातील वृद्ध श्रोता 'ळ' आणि 'ल' यांत मुळातच भेद करतो की नाही, हे ठाऊक नसेल, तर त्याची बोली ही त्याच्या कानाची चूक म्हणून मोजली जाईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधासाठी विषय हवा असल्यास तो येथे आहे.